कालवण की कालवं

मुंबईची माणसं उत्तनला मासे खायला येतात, तेव्हा मी घराच्या मागल्या दाराने बाहेर पडतो. पुढच्या रस्त्याने त्यांचे टांगे जातात. आत कोट-टोपीवाले बसलेले, नाकाला रुमाल लावलेला, आणि रुमालाआडून गप्पा चाललेल्या: इथले बोंबील म्हणे अगदी ताजे, इथली ताडी म्हणे नुसतं दूध. चव पाहिजे, वास नको. असल्या लोकांकडे बघून मला थुंकावंसं वाटतं. थुंकत नाही, कारण असाच एक टांगा मी स्वतः ठरवून, टांगेवाल्याशेजारी बसून, सबंध मुलूख फिरवून आणला आहे. हे मी कधी कुणाजवळ बोललो नाही. मुळात मी बोलका नाही, आणि ज्यात आपलीच लाज निघते तिथे तर मुका. पण आता चाळिशी उलटली, आईवडील गेले. ऐकून मान खाली घालील असं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी मुंबईच्या एका कचेरीत टेंपरवारी कारकून होतो. तिथले हेडक्लार्क आमच्याच जातीचे. त्यांचा आजा आमच्याच खाडीकाठी मिठागरात उघड्या पायांनी मीठ ओढत होता. यांचं बिऱ्हाड दादरला, दाराला पितळी पाटी, आणि कुठल्याशा बुवाचा उपदेश घेतलेला. उपदेश घेतल्यापासून घरात मासळी बंद. जातीच्या पंगतीत बसले की ते चार पानांपलीकडे ऐकू जाईल असं म्हणत, "आमच्यात आता चालत नाही." 'आमच्यात' आणि 'आता' यांवर असा दाब देत, की शेजारच्याने गुपचूप स्वतःच्या हाताचा वास घेऊन बघावा.

त्यांचा मुलगा लग्नाचा होता. माझी धाकटी बहीण लग्नाची होती. मला कायम व्हायचं होतं. बहीण त्या घरात पडली की माझी नोकरी पक्की होणार होती. हे ते बोलले नव्हते, मीही बोललो नव्हतो. हलकट माणसांना एकमेकांचं न बोलता कळतं.

मुलगी बघायला येणार असं ठरल्यावर मी बहिणीची शिकवणी सुरू केली. आमच्या घरात सगळी 'हाय' आणि 'न्हाय' बोलणारी. संध्याकाळी ओटीवर बसवून मी तिच्याकडून घोकून घ्यायचा.

"हाय नव्हे. आहे."

"आहे."

"परत."

"आहे, आहे, आहे. दादा, आहे म्हनलं का तोंड कसं वाकडं व्हतं बघ. बकरीवानी."

आई आतून हसायची. मी दोघींवर खेकसायचा. बहीण हुशार होती, शब्द पटकन उचलायची. पण उचलून माझीच टवाळी करायची. मी कचेरीतून आलो की दारातच, "आपण आलात? पाणी आहे, गूळ आहे, बसायला पाट आहे," आणि मग पदर तोंडात कोंबून पळायची.

हेडक्लार्कांची अट एकच होती. त्या दिवशी आमच्या चुलीला मासळी शिवता कामा नये. आईला हे समजावताना माझी जीभ जड झाली. ती म्हणाली, "मग पाव्हन्यांना वाढू काय? माती?" शेवटी वालाचं बिरडं, वांग्याची भाजी, वरणभात असं ठरलं.

रविवारी गाडीतून बापलेक उतरले. त्यांना थेट घरी नेलं असतं तर वडिलांशी बोलणं झालं असतं, आणि वडिलांनी तोंड उघडलं की त्यातून मिठागरच बाहेर पडायचं. म्हणून मी म्हटलं, "साहेब, जेवायला अवकाश आहे. आधी आमचा मुलूख तर बघा." स्टेशनाबाहेर आमच्या ओळखीच्या म्हाताऱ्याचा टांगा होता. वडील त्याला दादा म्हणत, मी काका म्हणायचा. त्या दिवशी मी त्याला नुसतं "ए टांगेवाले" म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग घोड्याकडे बघितलं, आणि घोड्याला म्हणाला, "चल बाबा, आज आपली वलख न्हाय."

बाजार मागे टाकून मुर्ध्यावरून राई गावाकडे निघालो. दोन्ही अंगांना मिठाचे ढीग. हेडक्लार्क छत्रीच्या टोकाने ढीग दाखवून मुलाला म्हणाले, "ही माणसं म्हणे यात अनवाणी उभी राहतात. कमाल आहे!"

टांगेवाला मागे न वळता म्हणाला, "तुमचा आजा बी उभा राहाचा, शेट. माझ्या बापासच्या जोडीला. त्याचं पाय असंच व्हतं, तुमच्यावानी फताडं."

हेडक्लार्कांनी पाय धोतरात ओढून घेतले. मी टांगेवाल्याला दरडावलं. आतून हसू येत होतं, तरी दरडावलं.

डोंगरीला माडांखाली एकजण मडकं घेऊन बसला होता. साहेबांना तहान लागली. "नीराच ना ही?" त्यांनी विचारलं. "सकाळी नीराच व्हती," तो म्हणाला. साहेबांनी अजून सकाळच चालली आहे असं धरून गडवा रिकामा केला, आणि मग दुसरा. मुलाने बापाकडे बघून तिसरा मागितला.

उत्तनला पोचलो तेव्हा दोघांचे डोळे चकाकत होते. दांड्यांवर बोंबील वाळत होते, रुमाल निघाले. देवळाच्या रस्त्यापासून आत एका किरिस्तांव बाईचं घर होतं. सुकवायला लागणारं मीठ ती आमच्याकडून न्यायची, म्हणून आईची आणि तिची बोलीचाली. तिने ओटीवर बसवलं, आणि विचारलंसुद्धा नाही. त्या गावात दारात आलेल्याला काय खाणार म्हणून विचारत नाहीत, पुढे आणून ठेवतात. कढईतले गरम फुगे आले, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोल, पोकळ वडे. त्यावर तळलेले बोंबील.

"आमच्यात आता चालत नाही," हेडक्लार्क म्हणाले. "पण बाईचं मन मोडू नये. मुलाला नुसती चव बघू दे."

मुलाने चव बघितली. मग चव नीट कळली की नाही ते बापाने बघितलं. मग दोघांनी मिळून खात्री करून घेतली. बोंबलाचा कणासुद्धा न सोडता, बोटं चाखत, मधूनच रुमालाने नाक दाबत. दारिद्र्यात वाढलेल्या माणसाने हावरटासारखं खाल्लं तर मला राग येत नाही. पण हे खाणं चोराचं होतं. प्रत्येक घासाआधी दोघेही रस्त्याकडे बघत.

बाईने परत वाढायला जरा वेळ लावला. कढई तापायची होती. तेवढ्यात मुलाने रिकामी थाळी उचलली आणि अंगणात भिरकावली. माशांसाठी टपलेली मांजरं पळाली, थाळी दगडावर आपटून गरगरत राहिली. बाई दारात झारा घेऊन उभी राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता. असं कुणी करतं हेच तिला ठाऊक नसावं.

बाप हसला. "घरीही असाच आहे हो. भूक लागली की दम नाही. त्याची आई बिचारी पोचे ठोकून परत त्याच थाळीत वाढते."

आणि मीही हसलो. अंगणात जाऊन थाळी उचलून आणली, काठाला पोचा पडला होता तो बोटांनी दाबून बघितला, आणि हसतच ठेवून दिली. टांगेवाल्याने एवढंच विचारलं, "ह्याच घरात पोर देतास?" मी न ऐकल्यासारखं केलं.

घरी पोचेपर्यंत जेवायची वेळ टळून गेली होती. बापलेक पाटावर बसले. बहीण वाढत होती, मान खाली, पदर डोक्यावरून. विचारलेल्याला "आहे," "नाही" अशी चोख उत्तरं. मी भिंतीला टेकून निःश्वास टाकला. मागच्या पडवीत टांगेवाला जेवत होता. पाहुण्यांना घेऊन येणाऱ्यालाही पान मांडायचं ही आमची रीत; आणि त्याला काही बुवाचा उपदेश नव्हता, म्हणून आईने पडवीतल्या वेगळ्या चुलीवर त्याच्यासाठी कालवं शिजवली होती. कालवं म्हणजे खडकावरून फोडून काढलेली शिंपली, त्यांचं मांस. ओल्या खोबऱ्यातली.

हेडक्लार्कांनी भातात खळगा केला आणि फर्मावलं, "मुली, जरा कालवण आण बघू."

बहीण थांबली. आमच्या घरात पातळ कोरड्यासाला कुणी कालवण म्हणत नसे, आम्ही त्याला आंबट म्हणतो. पण शब्द तिने ऐकलेला होता. माझ्याच शिकवणीत होता. ती वरणाच्या भांड्यापाशी वाकली, मग सरळ झाली आणि पडवीत गेली. आली ती दुसरं भांडं घेऊन. आणि त्या खळग्यात तिने कालवं ओतली. लालभडक, वाफाळती.

वास घरभर पसरला. हेडक्लार्क भाताकडे बघत होते. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मग त्यांनी भात कालवला आणि जेवायला लागले. खळग्यातलं संपलं तसं पान नुसतं पुढे सरकवलं. बहिणीने पुन्हा वाढलं. तेही संपलं. पानाला बोट फिरवलं, बोट चोखलं, चूळ भरली, ढेकर दिला. आणि मग त्यांचा धर्म जागा झाला.

"हा काय चावटपणा? मी कालवण मागितलं होतं!"

"आंबटाला तुमी कालवन म्हनतान ते मना काय ठावं?" बहीण म्हणाली. महिन्याची शिकवणी तिने त्या एका वाक्यात पायाखाली तुडवली. "कालवं मागितलीव, कालवं दिली."

"आन् पानात काय उरलंय ते बी दावा!" पडवीतून टांगेवाला ओरडला.

वडील हात जोडत राहिले. बापलेक वहाणा घालून निघाले. मी त्यांच्यामागे अंगणापर्यंत धावलो आणि सगळ्यांसमोर बहिणीला म्हणालो, "रानटी आहेस! अडाणी!"

त्या रात्री आम्ही दोघंच ओटीवर होतो. ती म्हणाली, "मना समजलं व्हतं दादा, कालवन म्हंजे काय ते. दोघांच्या हातांना बोंबलाचा वास येत व्हता. खायाचं आन् न्हाय म्हनाचं. आन् काकांनी पडवीत थाळीचं सांगितलं मना. मना त्या घरात न्हाय जायाचं." तो 'न्हाय' कुणालाही समजला असता. त्यात शिकवण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी दादरला गेलो. पितळी पाटीखाली उभं राहून माफी मागितली. म्हटलं, पोर भोळी आहे, शब्दाची चूक झाली, तिला बोलता येत नाही. तिचा नकार माझ्या खिशात होता, तो मी खिशातच ठेवला. हेडक्लार्कांनी दार लोटलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "झालं ते झालं. पण काय हो, ती तिनेच केली होती? पोरीच्या हाताला चव आहे."

मी म्हटलं, "हो साहेब. तिनेच."

आईने केली होती.

लग्न झालं. मी कायम झालो. नवरा मुलगा मुंडावळ्या बांधून कसा राजबिंडा दिसत होता हे आईने गावभर सांगितलं, कारण थाळीचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. टांगेवाल्याने बहिणीला सांगितलं ते मी आईपर्यंत पोचू दिलं नाही. तो पुढे मला टांग्यात घेईना. स्टेशनावरून मी चालत यायचा.

आणि मग साहेबांची फर्माइश सुरू झाली. शनिवारी कचेरी सुटताना ते माझ्या टेबलापाशी थांबत, फायलीत बघितल्यासारखं करून म्हणत, "सोमवारी जमलं तर बघा." म्हणजे कालवं. मी कालवांचा डबा वर्तमानपत्रात गुंडाळून दादरला पोचवायचा. त्या घरात स्वयंपाकघराची खिडकी लावून, दारात ऊदबत्त्या पेटवून, माझी बहीण ती शिजवायची. शेजाऱ्यांना वाटे, हेडक्लार्कांकडे सोमवारची मोठी पूजा असते.

लढाईचे दिवस आले, रेशनचा तांदूळ आला, किडका आणि लाल. सासरा अंथरुणाला खिळला, तरी कालवं सुटली नाहीत. अशाच एका सोमवारी मी डबा घेऊन गेलो. तिने मला जेवायला बसवलं. पितळी थाळी पुढे ठेवली, तर ती डुगडुगायला लागली. बुड पोच्यांनी भरलेलं होतं. काठाला धरून मी ती स्थिर केली. तिने ते बघितलं. तिच्या मनगटावर बांगड्यांच्या वर कापड बांधलेलं होतं.

"कालवण वाढू का तुला, दादा?" तिने विचारलं. ण स्वच्छ, टपोरा.

"वाढ," मी म्हटलं. मग भाताकडे बघत विचारलं, "बरं आहे ना गं सगळं?"

"आहे."

मी वर बघितलं. तोंड मुळीच वाकडं झालं नव्हतं. हसण्यासाठी पदराकडे हातही गेला नाही. मला वाटलं, आता मी 'हाय' म्हणावं, नुसतं एकदा, तिच्याकडे बघून. पण त्या घरात तो शब्द काढायची मला लाज वाटली. ताटातला भात मी मुकाट्याने संपवला.

निघताना तिने गेल्या खेपेचा डबा धुऊन, पुसून हातात दिला. "झाकण घट्ट लावत जा," ती म्हणाली. "मागच्या वेळी पाणी सांडलं होतं. मामंजींना रस कमी पडला."