थोरल्या दिरांचं निवळ पाणी

आमच्या थोरल्या दिरांचा विषय निघाला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण हा माणूस भला, आणि आपलंच खरं करणारा. असल्यांना आवरायचं तरी कसं?

ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणाले, छातीइतक्या पाण्यात चालवा, तिथं अंगाचा भार पायावर येत नाही. म्हणून उचगावातल्या घरामागं पोहायचा लहानसा तलाव बांधला. लोक म्हणाले, पैसा लई झालाय! म्हणू देत. जमिनीवर उभा न राहणारा माझा नवरा त्या पाण्यात पाऊल टाकायला लागला होता. मला दुसरं काही नको होतं.

पाण्यात ह्यांना धरायला दीर रोज यायचे. ते गुळव्या. सगळा जन्म गुऱ्हाळावर गेला, दंड अजून पैलवानाचे. लहानपणी ह्यांना विहिरीत पोहायला त्यांनीच शिकवलेलं. इथवर ठीक होतं. पण हात मोकळे झाले की तोंड सुरू व्हायचं. फिल्टरात वाळूच्या जागी मी काचेचा चुरा भरून घेतला होता, त्यात गाळ जास्त बारीक अडकतो म्हणून. तर म्हणे, "पाण्यात काच? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?" आणि क्लोरीन म्हणजे तर विषच. "धाकट्याच्या अंगाला औषधाचा वास मारतोय. आमच्या विहिरीत कोण टाकत हुतं गं क्लोरीन?"

सांगून सांगून माझं तोंड दुखलं. दादा, फिल्टर घाण अडवतो, जंतू मारत नाही, ते काम क्लोरीनचं. ते नुसते हसायचे. "पाणी निवळ दिसलं की झालं की! आम्हाला काय डोळं न्हाईत?"

मग आई आजारी पडली म्हणून मला नेसरीला माहेरी जावं लागलं. जाताना क्लोरीनचा डबा दाखवला, किती टाकायचं ते दोनदा सांगितलं. परत आले तर पाण्यातून तळाची फरशी स्वच्छ दिसत होती. दीर ह्यांना धरून पाण्यात उभे, मिशीत हसत. "बघ की! एक कण क्लोरीन घातलं न्हाय. नाद खुळा!"

"मग घातलंय काय?"

"रानभेंडी."

आईशप्पथ, मला वाटलं चेष्टा करताहेत. गुऱ्हाळात उकळत्या रसात रानभेंडीचं चिकट पाणी घालतात, त्यानं मळी वर येते आणि रस निवळतो. तोच उद्योग दिरांनी तलावात केला होता. अहो, तिथं खाली जाळ असतो, वर आलेली मळी झाऱ्यानं काढून फेकतात. इथं ना जाळ, ना झारा! सगळी घाण चिकटासकट फिल्टरात जाऊन बसली आणि जंतूंना आयतं जेवण मिळालं. मी नळीत पाणी घेऊन तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असलं की ते पिवळं होतं. ते होतं तसंच राहिलं.

"बाहेर काढा ह्यांना!" मी ओरडले.

पण उशीर झाला होता. पायाला बांधायच्या आधारपट्ट्यानं ह्यांची टाच सोललेली होती, तिथनं जंतू आत शिरले. पाय सुजला, ताप चढला, दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या दारात मी दिरांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणलं, "माझ्या घरात परत पाय ठेवायचा न्हाय." ते मान खाली घालून गेले. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

फिल्टर उघडला तर काच गुळाच्या ढेपेसारखी घट्ट बसलेली, आणि वास असा की नाकाला पदर बांधला. दिरांच्या नावानं बोटं मोडत सगळी खरवडून काढली. तलाव रिकामा करून घासला, नवी काच भरली. तोवर टाच भरून आली. पाय मात्र पुन्हा ताठला होता. डॉक्टर म्हणाले, आता दिवस घालवू नका, नाहीतर हा पाय उचलायचा नाही.

धरायला एक धडधाकट गडी बघितला. पाणी तपासलं, छान पिवळं आलं. "चला," म्हणलं. हे पायरीवर बसले ते उठेनात. गड्यानं हात धरला, झिडकारला. मी धरला, माझाही झिडकारला. भीतीनं कठडा घट्ट धरून बसले.

"अहो, पाणी चांगलं आहे, मी स्वतः बघितलंय!"

त्यांनी पाण्याकडं पाहिलंसुद्धा नाही. झटक्यापासून जीभ जड झालेली, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. "दा... दा," एवढंच म्हणाले.

मला असा संताप आला! ज्यानं पाय जायची वेळ आणली, त्याच्या हाताशिवाय ह्या माणसाला पाण्यात उतरवत नव्हतं. आणि मी? मी रात्रंदिवस मरमर करत होते ती कुणासाठी? कठड्याला टेकून रडले. मग डोळे पुसून दिरांना फोन लावला.

"या," म्हणलं. "माफ केलेलं न्हाय तुम्हाला. ह्यांना धरायला या. आणि येताना हात हलवत या."