अश्विनीची माहिती मी कुणाला दिली

१० जून, मंगळवार. निकाल लागून गेला होता आणि मी दाखल्यांच्या गठ्ठ्यावर सह्या करत बसले होते. दाखला म्हणजे कॉलेज सोडल्याचं सर्टिफिकेट. निकालानंतरचे काही दिवस आमच्या ऑफिसात दुसरं काही दिसत नाही. मी सांगलीतल्या एका कॉलेजात ओएस आहे, म्हणजे ऑफिस सुपरिंटेंडेंट. प्रवेश, निकाल, स्कॉलरशिप, दाखले, मुलांचे सगळे कागद माझ्या टेबलावरून जातात. मुलांचा आमच्याशी संबंध काउंटरच्या खिडकीतून येतो, आणि बहुतेक वेळा तो ‘उद्या या’ एवढाच असतो.

वर पाहिलं तर टेबलासमोर एक जोडपं उभं होतं. साठीचे गृहस्थ, ताठ उभे, मिशा कातरलेल्या. बाईंनी पदर डोक्यावर घेतलेला.

“नमस्कार मॅडम. आमी म्हसवडचं. फौजेतनं रिटायर हाय मी. एका मुलीबद्दल जरा मालूमात पायजे हुती.”

मला पुढचं सांगावं लागलं नाही. आमच्याकडे अशा लोकांना ‘चौकशीवाले’ म्हणतात. उन्हाळ्यात येतात. मुलीचं स्थळ सांगून आलेलं असतं, मुलीचे आईवडील तर चांगलंच सांगणार, म्हणून मंडळी परस्पर कॉलेजात येऊन विचारतात. मुलगी कशी आहे, वर्गात बसते का, पास झाली का. आम्ही सांगतो. वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या सासरच्यांनीही तासगावला माझ्या कॉलेजात अशीच चौकशी केली होती. सासूबाईंनी ते मला नंतर कौतुकानं सांगितलं. मलाही तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

“बसा,” मी म्हटलं. “मुलीचं नाव काय?”

“अश्विनी. आटपाडीकडची. शास्त्र शाखेला हाय म्हणं. आमच्या पुतण्यासाठी बघतोय.”

मी शिपायाला चहा सांगितला. सॉफ्टवेअरमध्ये नाव टाकलं की फोटोपासून हजेरीपर्यंत सगळं एका पानावर येतं. मुलगी हुशार होती. केमिस्ट्रीत वर्गात दुसरी. मला बरं वाटलं. चांगलं सांगायला मिळालं की ओएससुद्धा खूश होते. मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.

“हे बघा. तिन्ही वर्षं फर्स्ट क्लास. हजेरी भरपूर. कसली तक्रार नाही. एमएस्सीला बेंगळुरूला नंबर लागलाय. मायग्रेशनला अर्ज केलाय तिनं.”

“मायग्रेशन म्हंजे?”

“एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर हे सर्टिफिकेट लागतं. राज्याबाहेर जाणाऱ्यांना तर लागतंच.”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, “बेंगळुरूला? एकली?”

“हुशार मुली जातात हो हल्ली.”

“त्यांच्या घरचं तर म्हनले, पोरगी आता घरीच हाय. शिक्षण झालं.” मग त्यांनी चहा संपवला, आभार मानले, आणि गेले. मी पुढच्या दाखल्यावर सही केली. आपण एका मुलीचं भलं केलं असं मनात होतं. म्हणजे खरोखरच होतं.

आठ-दहा दिवसांनी आमचे सीनियर क्लार्क माने माझ्या टेबलाशी आले. हातात एक पाकीट आणि जावक रजिस्टर. बाहेर जाणारा प्रत्येक कागद या रजिस्टरात चढवून तो नेणाऱ्याची सही घ्यायची असते.

“मॅडम, त्या अश्विनीचं मायग्रेशन आलंय विद्यापीठातून. तिचे वडील आलेत न्यायला. दाखला आणि मार्कलिस्टपण मागतायत. देऊन टाकतो.”

“ती का नाही आली?”

“वडील आहेत की.”

मी खिडकीतून पाहिलं. डोक्याला पांढरा फेटा बांधलेला, सुकलेला, पन्नाशीचा माणूस. मी त्यांना आत बोलावलं. ते खुर्चीवर बसले नाहीत.

“तुमच्या मुलीला का नाही आणलंत?” मी विचारलं.

“तिचं आता काम न्हाई हितं. कागद द्या, जातो.”

“कागद नेऊन काय करणार?”

“ट्रंकंत ठेवणार. कागद न्हाई तर जाणार कुठं ती?” ते सरळ सांगत होते. लपवाछपवी काही नव्हती. “मॅडम, म्या मेंढरामागं निम्मं आयुष्य काढलं. आता डाळिंब लावलंय, कुठं जरा बसलोय. पोरीला शिकवलं. हॉस्टेलात ठेवलं. आन् ती चालली बेंगळुरूला, हे मला कोण सांगतंय? म्हसवडचा माणूस. भर बैठकीत. ‘तुमची पोरगी घरात हाय म्हनता आन् तिचा नंबर लागलाय बेंगळुरूला. आमाला फसवायला बसलाय व्हय?’ चार भावकीची माणसं बसल्याली. मला काय म्हायतीच न्हाई. मी आपला तोंडाकडं बघतोय त्यांच्या.”

मला बाईंचा पदर आठवला आणि फिरवलेली स्क्रीन आठवली.

एक सांगते. मी रागीट नाही, पण नियमाची आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याचे कागद त्याचे असतात. आईबापांना द्यायचे तर त्याचं सहीचं पत्र लागतं. आमच्याकडे हे भिंतीवर लावलेलं आहे. पाळत कुणी नाही, कारण बापाला नाही म्हणायचं कसं. पण त्या दिवशी मला वाटलं, निदान एवढं तरी थांबवावं. मी माने यांच्या हातातलं पाकीट घेतलं.

“हे मला तुम्हाला देता येणार नाही. मुलगी सज्ञान आहे. तिची सही लागेल. नियम आहे.”

त्यांनी माझ्या हातातल्या पाकिटाकडे बोट केलं.

“नियम हाय?”

“हो.”

“मग त्या म्हसवडवाल्याला कंच्या नियमानं सांगितलं? तो म्हनला, सायबीणबाईनं टीव्ही फिरवून दावलं सगळं. परक्याला च्या पाजून सांगता, आन् बापाला नियम दावता व्हय, आवं?”

ऑफिसातले सगळे खाली मान घालून कामाला लागले. माने रजिस्टरची पानं उलटू लागले. इतक्या वर्षांत काउंटरवर मला लोकांनी बरंच ऐकवलं आहे. राजकारण्यांनी, पत्रकारांनी, एकदा एका वकिलानं. त्यांना दरवेळी मी नियमच दाखवला होता.

“चूक झाली,” मी म्हटलं. “ती माझीच. मी सांगायला नको होतं.”

“मग आता माजं काय? सांगून झालं तुमचं.”

ते प्राचार्यांकडे गेले. दहा मिनिटांत मलाही बोलावणं आलं. आमचे सर भले गृहस्थ आहेत, पण दारात माणूस उभा राहिला की त्यांना कसंतरी होतं.

“देऊन टाका ना मॅडम. वडील आहेत. फी त्यांनीच भरलीय.”

“सर, लेखी ऑर्डर द्या. देते.”

“लेखी कशाला लगेच?”

“मग मी देऊ शकत नाही.”

“अहो, सगळं सुरू तुमच्यापासूनच झालंय,” सर हळूच म्हणाले. ते खरंच होतं. मी मान हलवली आणि बाहेर आले.

वडील संध्याकाळच्या एसटीपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते. पाचला मी निघाले तेव्हा त्यांच्याजवळ थांबले.

“तिला घेऊन या,” मी म्हटलं. “तिच्या हातात देते. तुमच्यासमोर.”

ते म्हणाले, “किती मार्क हायती तिला? मला कवा कुणी सांगितलं न्हाई.”

सगळे आकडे मला पाठ होते. त्या माणसाला सांगितले असते तर त्याचा चेहरा जरा उजळला असता. पण ज्याची त्याची माहिती म्हणजे काय, हे मी त्याच दिवशी दुपारी त्यांना बजावलं होतं. मी म्हटलं, “तिला विचारा. ती सांगेल.” ते उठून स्टँडकडे गेले. मला माझ्या नियमाची इतकी चीड पूर्वी कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी अश्विनीचा रेकॉर्डवरचा नंबर लावला. भावानं उचलला. “ती रानात गेलीया,” म्हणाला. परत लावला. परत रानात. बेंगळुरूला हजर व्हायची तारीख काय हे मला माहीत नव्हतं. ते शोधायला तिथल्या संस्थेला फोन करावा असंही आलं मनात. मग थांबले. परत एकदा तिच्या पाठीमागे कुणाशी तरी तिच्याबद्दल बोलायचं?

जूनच्या शेवटी ती आली. वडील व्हरांड्यात बसले, ती खिडकीशी. हडकुळी, वेणी घट्ट, खांद्याला सॅक.

“मॅडम, माझं मायग्रेशन.”

मी तिला आत बोलावलं. रजिस्टर पुढे केलं. तिनं सही केली.

“बेंगळुरूचं काय झालं?”

“सीट गेली. हजर व्हायची तारीख सोमवारी संपली. माझा फोन भावाकडं होता, तो त्याच्यानंतरच्या रविवारी मिळाला.” तिनं व्हरांड्यातल्या वडिलांकडे पाहिलं. “नाना आता म्हणतात, वर्षभर घरी राहा, परत परीक्षा दे, मग बघू. आटपाडीत एका क्लासमधी शिकवायला बोलावलंय.”

“म्हणजे वर्ष गेलं.”

“व्हय.”

“मग हे मायग्रेशन आत्ता लागणार नाही तुला. इथंच ठेवू का सुरक्षित?” मी म्हटलं. सवयीनं बोलले.

“नको. माझं हाय. द्या.”

तिनं पाकीट सॅकमध्ये घातलं, चेन ओढली. मग म्हणाली, “मॅडम, मे महिन्यात मी माझे पाच सेमिस्टरचे मार्क बघायला आले होते. ऑनलाइन फॉर्मला लागत होते. आठवतंय?”

मला आठवत नव्हतं. असे रोज येतात.

“माने सर म्हणाले, अर्ज लिहा. तुमी म्हणालात, प्राचार्यांची सही आण, तीन दिवसांनी ये. मी आटपाडीवरनं दोनदा आले. माझे मार्क बघायला. आन् त्या लोकांना तुमी बसल्या जागी दाखवले.” तिचा आवाज चढला नव्हता. “मी नानांना सांगणारच होते, मॅडम. सगळे कागद हातात आल्यावर. आत्याला मधी घेऊन. माझं मी सांगितलं असतं तर ते दोन दिवस बोलले नसते, मग सोडलं असतं. त्यांना भावकीपुढं ऐकायला लागलं, म्हणून अडलं.”

मी ‘सॉरी’ म्हटलं. इंग्रजीत म्हटलं, कारण ते लवकर संपतं.

तिनं सॅकच्या पुढच्या कप्प्यातून एक कागद काढला. अर्ज होता. अक्षर सुरेख. माझी कोणती माहिती, कोणाला, कोणत्या तारखेला, कोणी दिली, हे मला लेखी मिळावं. खाली तिची सही, स्वतःचा नवा मोबाइल नंबर, आणि त्याच्याखाली रेघ.

“अर्ज करा म्हणाला असतातच,” ती म्हणाली, “म्हणून लिहूनच आणलाय.”

मी तो आवक करून घेतला आणि पोच दिली. ती आणि वडील दुपारच्या गाडीनं गेले. जाताना वडिलांनी मला हात जोडले. रिवाज म्हणून जोडले.

अर्ज घेऊन मी सरांकडे गेले.

“असं लेखी कुणी देतं का, मॅडम? उद्या ती कोर्टात गेली तर?”

“जाईल.”

“मग असं करू. ‘लिपिकाकडून अनवधानानं’ असं लिहू. माने पुढच्या वर्षी रिटायर होतायत, त्यांना काय फरक पडतोय?”

“माने त्या वेळी दाखले टाइप करत होते, सर.”

“तुमच्या सर्व्हिस बुकला लागेल हे.”

सर्व्हिस बुक म्हणजे आमच्या नोकरीची जन्मकुंडली. त्यात शेरा बसला की निवृत्तीपर्यंत सोबत येतो. मला निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत. मी म्हटलं, “रात्री विचार करते.” खोटं होतं. विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं, नुसतं धैर्य होत नव्हतं.

लोक विचारतील, माहितीच्या गोपनीयतेचं आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं का? शिकवलं होतं. एक कार्यशाळा झाली होती. मी जेवणापर्यंत बसले होते. त्यात कॉम्प्युटर हॅक कसा होतो, पासवर्ड कसा ठेवावा, हे सांगितलं. दाराशी आलेल्या सभ्य माणसाला नाही कसं म्हणायचं, ते काही सांगितलं नाही. आमच्याकडची माहिती चोरावी लागत नाही. नीट बोललं की आम्हीच देतो, आणि ज्याची आहे त्याला मात्र खिडकीबाहेर उभं करतो. मी शिकले ते एवढंच, आणि त्यासाठी दुसऱ्याचं वर्ष वापरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडायच्या आधी आले आणि पत्र स्वतः टाइप केलं. १० जून रोजी म्हसवड येथील एका गृहस्थांना व त्यांच्या पत्नीला मी आपले गुण, हजेरी, बेंगळुरू येथील प्रवेश व मायग्रेशनचा अर्ज ही माहिती आपल्या परवानगीविना दिली व स्क्रीनवर दाखवली. खाली सही, नाव, पद. सोबत सहा सेमिस्टरचं तिचं संपूर्ण रेकॉर्ड, शिक्का मारून. एक प्रत सरांच्या टेबलावर ठेवली.

पाकिटावर पत्ता लिहायला घेतला आणि थांबले. गावात पोस्टमन ते घरच्यांच्याच हातात देणार. मी रेघ ओढलेला नंबर लावला.

“पत्र तयार आहे. पोस्टानं पाठवू की येतेस?”

“येते. शनिवारी.” मग म्हणाली, “मीच हाय हे दाखवायला आयडी आणू का, मॅडम?”

“आण,” मी म्हटलं.