कडेच्या खळग्यांतले पाणी

“सवय आहे, दुसरं काय.” हे चार शब्द थेंबताईंनी त्या सकाळी का उच्चारले असावेत? हेव्यापोटी, असे त्या स्वतः सांगतात आणि विषय संपवतात. माझे समाधान त्या उत्तराने होत नाही. धाकट्या जावेचा हेवा त्यांना त्याआधीही सहा वर्षे वाटतच होता, आणि त्या सहा वर्षांत जावेची एकही चूक त्यांनी दुरुस्त केल्यावाचून सोडली नव्हती.

थेंबताई एका औषधसंशोधन संस्थेच्या चाचणीकक्षात तंत्रज्ञ होत्या. नव्या औषधाच्या शोधात अगदी आरंभी हजारो रसायने जंतूंवर टाकून पाहावी लागतात आणि त्यांतली बहुतेक निरुपयोगी ठरतात. हे टाकून पाहण्याचे काम थेंबताई बावीस वर्षे हाताने करत आल्या होत्या. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात शहाण्णव खळगे, खळग्यांत जंतू वाढवलेले द्रव आणि त्यावर पिपेटने सोडलेला रसायनाचा एकेक थेंब. नाव पडले ते त्यावरून. प्लेट भरताना बाहेरच्या चौकटीतल्या छत्तीस खळग्यांत मात्र त्या नुसते पाणी घालत. उबदार कपाटात तीन दिवस राहिलेल्या प्लेटमध्ये कडेचे खळगे आधी आटतात, उरलेल्या द्रवातले मीठ तीव्र होते आणि जंतू त्या मिठाने मरतात. श्रेय मात्र रसायनाला मिळते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी या फसवणुकीने त्यांना चार महिने झुलवले होते. संस्थेच्या कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत याविषयी एक ओळही नव्हती. लिहायचे कोणासाठी? प्लेटा भरणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

धाकटी जाऊ थेंबताईंच्या घराच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. तिचे शिक्षण संगणकावर रेणूंच्या आकृत्या तपासण्याचे. संस्थेत जागा निघाल्याचे तिला थेंबताईंनीच सांगितले होते, आणि आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला हे वाक्य पुढे त्यांनी घरात इतक्या वेळा म्हटले, की त्यांचा नवरा ते त्यांच्या आधीच म्हणू लागला. धाकटीचा प्रोग्रॅम दोन लाख रसायनांच्या आकृत्या चाळून त्यांतली तपासण्याजोगी दोन हजार निवडायचा. हातात पिपेट घेतली की मात्र तिचा हात थरथरे. थेंबताईंना ते पाहून सुख होई, आणि त्या सुखाची त्यांना लाजही वाटत नसे.

२०१६ साली कक्षाचे प्रमुख निवृत्त झाले. ते पद आपले, हे थेंबताईंनी गृहीतच धरले होते. त्यांनी नवा चष्माही करून घेतला होता. त्याच महिन्यात प्लेटा भरणारे यंत्र आले, आणि संचालकांनी बैठकीत सांगितले, “कक्षाला आता यंत्राची भाषा येणारं माणूस हवं.” प्रमुखपद धाकटीला मिळाले.

“ताई,” शेजारी बसलेले वयस्कर रसायनतज्ज्ञ कुजबुजले. त्यांना सगळे काका म्हणत. “पिपेट दाबून तुमचा अंगठा झिजला, आता कळ दाबायला तिची करंगळी पुरे.”

“करंगळीनं काय होतं ते बघूच,” ताई म्हणाल्या.

घरी नवरा म्हणाला, “तुला दोन वर्षं लागतात ते तिचं यंत्र आठवड्यात करणार म्हणे.”

“मग उद्यापासून पोळ्याही त्या यंत्राच्याच खा.”

तिसऱ्या दिवशी धाकटी त्यांच्या टेबलाशी स्टूल ओढून बसली. यंत्राला शिकवायची म्हणून ती ताईंची प्रत्येक हालचाल वहीत उतरवून घेत होती. मध्येच तिने मान वर केली. “वहिनी, ही कडेची छत्तीस नुसत्या पाण्यानं का भरता?”

थेंबताईंनी पिपेट खाली ठेवली नाही. “सवय आहे, दुसरं काय.”

धाकटीने वहीतली ती ओळ खोडली.

यंत्राच्या प्लेटमध्ये तीनशे चौऱ्याऐंशी खळगे होते आणि यंत्राने ते सगळे भरले. चौथ्या दिवशी ताईंनी पहिली प्लेट कपाटातून काढली, नेहमीप्रमाणे खिडकीशी नेऊन तिरकी धरली, आणि कडेच्या खळग्यांतले द्रव खाली गेलेले त्यांना स्पष्ट दिसले. प्लेट त्यांनी मुकाट्याने मोजणीच्या यंत्रात सरकवली. सगळ्या प्लेटा मोजून झाल्यावर दोन हजारांपैकी चौदा रसायने जंतू मारतात, असा निष्कर्ष निघाला. चौदांपैकी अकरा कडेची होती. धाकटीला हे दिसण्याचे कारण नव्हते. तिच्या पडद्यावर रसायनांची यादी येई, खळग्यांच्या जागा येत नसत. तिने फेरतपासणी केली, तीही तीच रसायने त्याच खळग्यांत ठेवून. निकाल अर्थातच तोच आला. मग तो निकाल तिने प्रोग्रॅमला शिकण्यासाठी दिला. आता प्रोग्रॅमही मिठाने मेलेल्या जंतूंवरून शिकू लागला आणि त्या अकरांसारखीच आणखी रसायने सुचवू लागला.

संचालक दिवसातून दोनदा कक्षात येत. बावीस वर्षांत आपल्या टेबलाशी ते किती वेळा थांबले, याचा हिशोब ताई मनात करत. धाकटीचा पांढरा कोट, तिची फिरती खुर्ची, तिला पडलेले ‘मॅडम’ हे नाव, सगळेच त्यांना डोळ्यांत कुसळासारखे सलत होते. वरच्या खोलीत काका सुचवलेली रसायने बनवत होते. पाच आठवड्यांनी ते चिडून खाली आले.

“मॅडम, तुमच्या संगणकाला म्हणावं, स्वतः येऊन बनव. शुद्ध करून तपासलं की एकही जंतू मरत नाही. उलट बाळसं धरतात मेले!”

सगळे हसले. ताईही हसल्या, सर्वांत उशिरा थांबल्या.

सातव्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी धाकटी जिना उतरून खाली आली. ताई इस्त्री करत होत्या. पलंगावर कागद पसरून ती म्हणाली, “वहिनी, माझं कुठं चुकतंय तेच कळत नाही. उद्या संचालकांना सांगणार आहे, हे पद मला झेपत नाही. तुमचं होतं, तुम्ही घ्या.”

ताईंनी इस्त्री उभी केली. सोमवार सकाळपर्यंत गप्प बसणे एवढेच काम उरले होते. त्यांची नजर कागदांवर गेली. या वेळी धाकटीने यादीऐवजी प्लेटचा नकाशा छापून आणला होता आणि जंतू मेलेल्या खळग्यांचे लाल ठिपके कडेने ओळीत उभे होते. ते तिला अजूनही दिसत नव्हते.

“आंधळी आहेस का गं?” ताईंच्या तोंडून निघून गेले. त्यांनी पेन्सिल घेतली आणि ठिपक्यांभोवती चौकट ओढली. “कडेचे आटतात. मिठानं मेलेत ते. औषधाचं नुसतं नाव झालंय.”

धाकटीने चौकटीवरून बोट फिरवले. “हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या प्लेटीपासून.”

“मी विचारलं होतं तुम्हाला.”

“विचारलं होतंस.”

धाकटीने कागद गोळा केले, त्यांचे कोपरे जुळवले आणि वर निघून गेली. तिने दार आपटले असते तर बरे झाले असते, असे ताई म्हणतात.

सोमवारच्या बैठकीत धाकटी उभी राहिली. “चूक माझी आहे. यंत्राची मांडणी मी केली होती. चूक वहिनींनी शोधून दिली.” सात आठवड्यांविषयी ती चकार शब्द बोलली नाही. संचालकांनी थेंबताईंचे अभिनंदन केले, काकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीने पद सोडायची तयारी दाखवली, पण त्याची गरज नाही, असे संचालकांनी तिला तिथेच सांगितले.

मी विचारले तेव्हा थेंबताई म्हणाल्या, “मी गप्प बसले हे सांगून तिनं मला उघडं पाडलं असतं तर मी तिला माफ केलं असतं. पण झाकून घेतलं तिनं. मला ते जमलं नसतं, हे तिलाही ठाऊक आहे. हुशारीचा हेवा केला, मोठेपणाचा केला. आता चांगुलपणाचाही करत बसू का?” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “करतेच म्हणा.”

२०१९च्या जूनमध्ये संस्थेने चाचणीकक्षाचे प्रमुखपद रद्द केले. थेंबताई ३१ मार्च २०२१ रोजी वरिष्ठ तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाल्या.