बॅनरसाठी घर पाहिजे

बातमी त्याच संध्याकाळी निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात पोहे बांधून मिळतात. राहतं ते छापता न येणारं. कोण कोणावर ओरडलं, कोणी कोणाचा फोन आपटला, कोणाचा अहवाल कोणाच्या चहात पडला! वर्ध्यातल्या आमच्या पेपरच्या जिल्हा कार्यालयात, दोन खोल्या आणि एक कूलर एवढ्या जागेत, तीस वर्षांत असं इतकं साचलंय की पाय ठेवायला जागा नाही. हे किस्से सांगताना मी स्वतःच आधी हसतो, अशी माझी ख्याती आहे. पुढचे सगळे मात्र एकाच कुत्र्याच्या घराचे आहेत, आणि ते सांगताना हसू येतं खरं, पण मध्येच अडकतं.

*

देवरावभाऊ आमचे फोटोग्राफर. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना ‘तुम्ही’ म्हणतो आणि ते मला ‘बाबू’. वहिनी गेल्यावर सिंदी मेघेतल्या घरात ते एकटेच राहायचे. एकदा नागपूरला श्वान प्रदर्शनाचे फोटो काढायला गेले, आणि परत आले तेव्हा कॅमेरा गळ्यात होता आणि कॅमेऱ्याच्या बॅगेत ग्रेट डेनचं पिल्लू!

वर्षभरात ते पिल्लू टेबलाएवढं झालं. आमचे जाहिरातवाले गुप्ताजी त्याला पाहून म्हणाले, “भैया, ये तो पूरे आठ कॉलम का है!” पहिल्या पानावर सगळ्यात वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत जो मथळा जातो त्याला आम्ही बॅनर म्हणतो. कुत्र्याचं नाव तेच पडलं.

एकदा मोकाट जनावरं पकडणारी गाडी दारात थांबली. ड्रायव्हर म्हणाला, “काकाजी, वासरू बांधून ठेवत जा. रस्त्यावर दिसलं तं कोंडवाड्यात जाईन.”

“अरे, भुंकते तो!” देवरावभाऊ म्हणाले.

“मग तं अजूनच जपा! भुंकणारं वासरू कोण सोडते?”

*

मग देवरावभाऊंच्या मुलाची वर्ध्याला बदली झाली. मुलगा, सून प्राची आणि दोन वर्षांची नात घरी राहायला आली. आठच दिवसांत पोरीला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, कुत्र्याचे केस घरात नकोत.

प्राची चांगली मुलगी. तिने कुत्रा हाकला म्हटलं नाही. म्हणाली, “बाबा, बॅनरले अंगणात चांगलं मोठं घर करा. तवरोक मी पोरीले घेऊन यवतमाळले आईकडे राह्यतो. अक्षय तृतीयेले येतो.”

“आणि तवापर्यंत नाई झालं तं?” मी देवरावभाऊंना विचारलं.

“तं मग अल्लीपूरले. साडूच्या वावरात नेऊन सोडा लागन.” एवढं बोलून ते लेन्स पुसत बसले. ती लेन्स आधीच स्वच्छ होती.

मी टेबलावर हात आपटला. “झालंच म्हणून समजा! अजून अडीच महिने आहेत. अडीच महिन्यांत सरकार पाडता येते!”

“पाडता येते बाबू. उभं करता येते का, ते सांग.”

*

घर निवडायचं तर आधी माप पाहिजे. रस्त्याच्या कामात इंच-इंच चोरलेला मी आयुष्यभर पाहत आलो आहे, त्यामुळे मोजणी साक्षीदारांसमोर व्हावी असा माझा आग्रह होता. ऑफिसच्या खाली नत्थूजींचं लेडीज टेलरचं दुकान. त्यांनाच टेप घेऊन सिंदी मेघेला नेलं.

नत्थूजींनी बॅनरला उभा मोजला, बसलेला मोजला, पाय ताणून झोपला तेव्हा आडवा मोजला. आकडे मी लिहून घेतले, चार प्रती केल्या, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. नत्थूजींनी सवयीने टेप गळ्यात टाकला आणि विचारलं, “फिटिंगचं पाह्यजे का ढिलं?”

“ढिलं. उन्हाळ्याचं आहे,” देवरावभाऊ म्हणाले.

“मग अस्तर नका लावू!”

*

पहिलं घर ऑनलाइन मागवलं. ‘मोठ्या जातीच्या श्वानांसाठी, एक्स्ट्रा लार्ज.’ फोटोत हिरवळ, हिरवळीवर घर, दारात रुबाबदार कुत्रा. तो कुत्रा केवढा, हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही. तीस वर्षं फोटो काढणारा माणूस समोर बसला होता, आणि आम्ही फोटोला फसलो!

आलं ते प्लास्टिकचं खोकं. बॅनरने कौतुकाने डोकं घातलं, खांदे घातले, आणि मागे फिरला तेव्हा घरही त्याच्याबरोबर फिरलं. घर घालून तो अंगणभर हिंडला. दोन कुंड्या फुटल्या. शेवटी मी, देवरावभाऊ आणि गुप्ताजी अशा तिघांनी ते त्याच्या अंगातून स्वेटरसारखं काढलं.

कंपनी दुसऱ्याच दिवशी ते परत न्यायला तयार झाली. मी अडून बसलो. म्हटलं, परत न्या, पण आधी लेखी माफी मागा. ग्राहकाला एक्स्ट्रा लार्ज सांगून डबा पाठवता? कस्टमर केअरच्या मुलीने मला पाच वेळा ‘सॉरी सर’ म्हटलं. मी म्हटलं, तुमचं नको, वरच्याचं पाहिजे! तक्रारी, स्मरणपत्रं, पुन्हा तक्रारी. यात तीन आठवडे गेले. तोवर ते खोकं अंगणात, आणि बॅनर खोक्याच्या बाहेर.

शेवटी माफी आली. कंपनीच्या कागदावर, सहीशिक्क्यासह! मी ती घेऊन सिंदी मेघेला गेलो. देवरावभाऊंनी चष्मा लावून पूर्ण वाचली, घडी घालून माझ्या हातात परत दिली.

“बाबू, माफीत कुत्रा झोपते का?”

*

दुसरं घर सेलूला. तिथले गजाननभाऊ वेल्डिंगवाले कूलरचे स्टँड आणि फाटकं करतात. त्यांनी नत्थूजींच्या मापाबरहुकूम, अँगल लावून, मजबूत घर केलं. बॅनर आत उभा राहून गिरकी घेऊ शकला असता. फक्त छप्पर टिनाचं होतं.

मार्च संपत आला होता. मी टिनावर हात ठेवला आणि चटका बसला. झालं!

“हे घर आहे का तंदूर?” मी सुरू झालो. “जनावराले बोलता येत नाई म्हणून काहीही खपवता?”

गजाननभाऊंनी शांतपणे कौलांचा आणि पेंढ्याचा उपाय सांगितला, “साहेब, वरून कवेलू टाकून देतो, मधात तणस भरतो. गारेगार राह्यते. दोन दिवस द्या मले.”

तिथे थांबायला हवं होतं. पण माझं भाषण अर्ध्यावर आलं होतं, आणि अर्ध्यावर थांबायची मला सवय नाही. बेजबाबदारपणा, कारागिरीचा ऱ्हास, सगळं म्हणून झालं. शेवटी म्हटलं, “पेपरात टाकतो तुले!”

गजाननभाऊंनी हात पुसले. “टाका. पण हे घर आता देत नाई मी. कुत्र्याचा काही दोष नाई. तुमच्यामुळं देत नाई.”

परतताना देवरावभाऊ माझ्या मोटरसायकलवर मागे बसले होते.  पवनारचा पूल ओलांडल्यावर हेल्मेटच्या मागून आवाज आला, “दोनच दिवस मांगत होता तो.”

*

मग ठरलं, अंगणातच विटांचं बांधायचं. रेषा आखली. शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. ते भिंतीवरून डोकावून म्हणाले, “देवरावजी, भिंतीपासून दोन हात सरकवा नं.”

“सरकवतो गुरुजी,” देवरावभाऊ म्हणाले.

मी मध्ये पडलो. “काऊन सरकवता? जागा तुमची, भिंत तुमची! आज दोन हात देसान, उद्या अंगण मांगन!” आणि गुरुजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, की आता आम्ही रीतसर परवानगीच काढतो.

पंचायतीत गेलो. तिथल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. “प्रयोजन काय लिहू? निवासी का व्यापारी?”

“निवासी.”

“राह्यणारी माणसं किती?”

“माणूस एकही नाई.”

“मग निवासी कसं साहेब?”

यावर मी नियम मागितला. त्याने नियम शोधायला घेतला. बिचारा खरंच शोधत होता! पंधरा दिवसांनीही शोधतच होता.

एका संध्याकाळी गुरुजी स्वतः आले. म्हणाले, “मी काही हरकत घेतली नव्हती हो. त्या भिंतीले माह्या न्हाणीचं पाणी मुरते. कुत्र्याले ओल लागन म्हणून म्हटलं होतं.”

 देवरावभाऊंनी त्यांना खुर्ची दिली. बॅनरने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

*

अक्षय तृतीयेच्या आठवडाभर आधी प्राचीचा मला फोन आला. सासऱ्यांना विचारायला तिला जड जात असावं.

“काकाजी, झालं का घर?”

“होऊन राह्यलं.”

“कुठपर्यंत आलं?”

“आता तत्त्वाचा प्रश्न सुटला आहे.”

 ती म्हणाली, “त्याले छप्पर आहे का काकाजी?”

*

त्या फोननंतर मी देवरावभाऊंना न सांगता एका म्हाताऱ्या सुताराकडे गेलो. रस्ताभर स्वतःला बजावत होतो, तोंड उघडायचं नाही.

सुतार म्हणाला शुक्रवार, त्याने दिलं पुढल्या बुधवारी. मी गप्प. खिडकी मी पूर्वेला सांगितली होती, त्याने उत्तरेला केली. मी गप्प. वरून त्याने मलाच अर्धा तास सुनावलं, की एवढाले कुत्रे आपल्या उन्हाच्या गावात पाळूच नयेत. मी मान डोलावली. दाढा दुखायला लागल्या, पण बोललो नाही. गुप्ताजी सोबत होते. ते माझ्या कपाळाला हात लावून पाहत होते.

आणि घर काय झालं होतं! दुहेरी फळ्या, मध्ये तणस, वर कवेलू, जमिनीपासून वीतभर उंच पाय, म्हणजे खालून वारा जाईल. दारही एवढं उंच, की बॅनरला मान वाकवायला नको.

अक्षय तृतीया होऊन चार दिवस झाले होते. चार दिवसांचं काय एवढं, असं मी स्वतःशी म्हटलं. मालवाहू ऑटोत घर टाकलं आणि गुप्ताजींना घेऊन न कळवता सिंदी मेघेला पोचलो.

देवरावभाऊ बाहेर आले. घराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. प्राची पोरीला कडेवर घेऊन दारात आली. ती काही बोलणार होती, पण त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, तशी ती आत गेली आणि पन्हं घेऊन आली. बॅनर दिसला नाही. मला वाटलं, मागच्या अंगणात बांधला असेल.

देवरावभाऊंनी घराला चक्कर मारली. फळ्यांवर बोटाने वाजवून पाहिलं. वाकून आत पाहिलं. म्हणाले, “निंबाखाली ठेवू. दुपारची सावली तिकडे येते.”

ठेवलं. ते म्हणाले, दार जरा घराकडे फिरवा, आतून दिसलं पाहिजे. फिरवलं. मग एक पाय डुगडुगत होता, त्याखाली त्यांनी स्वतः दगडी चिपेचा तुकडा सरकवला. मी पाण्याचं घमेलं भरून दारापाशी ठेवलं. घामाने आम्ही तिघे भिजलो होतो. तासभर गेला असेल.

“चलो, अब बुलाओ मकान मालिक को!” गुप्ताजी म्हणाले.

देवरावभाऊ दुपट्ट्याने कवेलूंवरची धूळ झटकत होते. झटकता झटकताच म्हणाले, “अल्लीपूरले आहे तो. परवा सोडून आलो.”

“परवा?” माझा आवाज चढला. “अन् आम्ही तासभर हे घर सरकवून राह्यलो, तवा सांगतलं काऊन नाई?”

“कसं सांगू बाबू? तू जिंदगीत पह्यल्यांदा कोणाशी न भांडता एक काम पुरं करून आलता.”