मोठेबाबांचा तिसरा रकाना

सातवीच्या वर्गात मी इंग्रजीतला भूतकाळ शिकवत होते, तेव्हा टेबलावरचा मोबाइल थरथरला. मुर्रीच्या आमच्या शाळेत तासाला फोन घेत नाहीत, म्हणून मी तो पालथा घातला. मधल्या सुट्टीत पाहिलं तर तिरोड्याहून चुलतभावाचे सात फोन. मोठेबाबा गेले होते. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, ज्यांनी माझ्याकडून इंग्रजीचं पहिलं अक्षर गिरवून घेतलं, ते सकाळी चहा मागून खुर्चीतच गेले... महिना उलटला. दुःख आहेच, पण त्याहून जास्त गोंधळ आहे, आणि ज्यांना विचारायचं तेच नाहीत.

मोठेबाबा अर्जनवीस. तहसीलसमोरच्या कडुनिंबाखाली त्यांचं टेबल असायचं. अर्ज मराठीत चालतो हे त्यांना ठाऊक होतं, लोकांनाही होतं, तरी लोकांना इंग्रजीच पाहिजे. इंग्रजी अर्जाला वजन असतं, साहेब तो दोनदा वाचतो, अशी सगळ्यांची समजूत. आणि मोठेबाबांची इंग्रजी तर साहेबाच्या पणजोबांच्या काळची! बिसीच, योंडर, हेन्सफोर्थ, अलास... कुठून कुठून गोळा केलेले हे शब्द ते निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत टिपत. एका रकान्यात शब्द, शेजारी अर्थ. ‘योंडर’पुढे लिहिलेलं, धानाच्या बांधीच्या त्या धुऱ्यापल्याड. ‘बिसीच’पुढे, पदर पसरून मागणे. ‘अलास’पुढे, अगा माय वो. अर्ज लिहून झाला की ते तो वाचून दाखवत, अर्थ समजावत, आणि मग चष्म्यावरून बघत विचारत, “आता तू सांग, का लिवलं?” काय लिहिलंय ते समोरच्याने आपल्या बोलीत नीट सांगितल्याशिवाय सही नाही की अंगठा नाही. भर उन्हात रांग ताटकळायची, पण हा नियम मोडला नाही.

मला नोकरी लागली त्याच वर्षी एका सुट्टीत मी त्यांच्या टेबलाशी बसले होते. सगुणाबाई नावाची म्हातारी आली. तिच्या शेताजवळच्या बोडीची पाळ फुटली होती, तळ्यातलं पाणी वाहून जात होतं. मोठेबाबांनी पानभर अर्ज लिहिला, त्यात ‘बिसीच’ दोनदा. मला हसू आवरलं नाही. नवी नवी मास्तरीण, अंगात शहाणपणाचं वारं भरलेलं! चार लोकांत मी म्हटलं, मोठेबाबा, असं आता कोणी लिहीत नाही, ऑफिसात लोक हसतील. कागद ओढला आणि तीन ओळींत अर्ज करून दिला. म्हातारीने तो उलटापालटा केला.

“एवढुसंच? माहं दुख एवढुसंच हाये का वो?”

मोठेबाबांनी तिला माझाच कागद दिला, पेनाचं टोपण लावलं. पुढच्या आठवड्यापासून ते टेबल घेऊन बसलेच नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “गुडघे दुखून राहिले.” गुडघे दुखत होते हे खरंच आहे, मी स्वतः तेल चोळून दिलंय. पण गुडघे तर आधीही दुखायचे. माझ्यामुळे बसायचं सोडलं का, हे दोन वर्षं माझ्या ओठांवर होतं आणि मी विचारलं नाही. लाज वाटली, दुसरं काय!

शेवटची भेटही तशीच वाया घालवली. निघताना ते नेहमीसारखे फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, “फेअरवेल, मास्तरीणबाई.” मी गाडीला किल्ली लावून तोंडाला स्कार्फ बांधत होते. “बाय” म्हटलं आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

तेरवीच्या दिवशी चुलतभावाने ती वही माझ्या हाती दिली. म्हणाला, तूच ठेव, आम्हाला काय समजते त्यातलं. घरी येऊन उघडली तर रकाने तीन! तिसरा नंतर आखलेला, अक्षर थरथरतं, वर मथळा ‘पोरीचं’. ‘बिसीच’च्या ओळीत ‘रिक्वेस्ट’. ‘योंडर’च्या ओळीत ‘देअर’. ‘अलास’पुढे ‘सॉरी’ आणि प्रश्नचिन्ह. पानामागून पानं, माझे सोपे शब्द आपल्या शब्दांना लावून पाहिलेले. टेबल सोडल्यावर माणूस घरी बसून हे करत होता... माझ्याकडून शिकत होते? की बघ पोरी, तुझ्या शब्दात काय काय राहून गेलं, हे दाखवत होते? एका दिवशी मला पहिलं पटतं आणि रडू येतं. दुसऱ्या दिवशी दुसरं पटतं आणि तरी रडूच येतं.

वहीतली शेवटची नोंद ‘फेअरवेल’. पुढे अर्थ, येतो बरं. तिसरा रकाना कोरा. ‘बाय’ त्यांनी माझ्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं, मग लिहिलं का नाही? लिहायचं राहिलं की लिहावंसं वाटलं नाही?

वही आता माझ्या शाळेच्या बॅगेत असते. काल मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात बसले, पेन काढलं. ‘बाय’ लिहायला हात धजेना. आपल्याकडे जाणारा ‘येतो’ म्हणतो तेव्हा घरातलं माणूस जे म्हणतं, तेच तिसऱ्या रकान्यात लिहिलं: या. लिहून झाल्यावर सवयीने मान वर केली, चष्म्यावरून कोणीतरी विचारेल म्हणून... आता तू सांग, का लिवलं?