सल्ला न देणाऱ्या अक्का

आमच्या शाळेतल्या शिवणाच्या अक्कांनी तोंड न उघडता जितक्या मुलांचं भलं केलं, तितकं आम्ही बाकीच्यांनी जन्मभर बोलून केलं नाही. हे एवढं लिहायला मला बरीच वर्षं लागली. अक्कांविषयी सांगायला बसलं की शेंगांच्या तासाची गोष्ट येते, आणि ती आली की तिच्यात मी येतो. म्हणून लग्नकार्यात जुने विद्यार्थी भेटून "सर, शिवणाच्या अक्का कुठं असतात आता?" असं विचारायचे, तेव्हा मी पंगत उठली का बघायच्या निमित्तानं तिथून निघून जायचो.

अक्कांच्या गळ्यात कायम टेप असायची. त्या आमच्याशी मराठीत बोलायच्या आणि शिलाई मशीनशी कानडीत. दोरा अडकला की त्या मशीनला असं काही सुनावायच्या की शेजारच्या वर्गातले कानडीचे मास्तर उठून खिडकी लावून घ्यायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मराठीत सांगून बघितलं की हो सर. ऐकतच नाही ती." समोर येणाऱ्या प्रत्येकाचं माप त्या नजरेनं घ्यायच्या. तपासणीला आलेल्या साहेबांना नमस्कार करायच्या आधीच त्या म्हणाल्या, "साहेब, डावा खांदा उतरलाय तुमचा. शिंप्याची चूक नव्हे, काळजीनं उतरलाय."  साहेब जाताना शिवणाच्या वर्गात चहाला म्हणून थांबले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मी तेव्हा हेडमास्तर होतो. सहावी ते आठवीच्या मुलांचे लहान गट करावेत, आणि आठवड्यातून एक तास प्रत्येक शिक्षकानं आपल्या गटाशी अभ्यास सोडून बोलावं, असं वरून ठरून आलं.  स्टाफरूममध्ये गणिताचे सर म्हणाले, "आणि पोर्शन कोण पुरा करणार?" पहिल्या आठवड्यात आम्ही मुलांना ओळीनं उभं करून "तुमच्या अडचणी सांगा" असं दरडावलं. मुलांनी सांगितल्या. नळाला पाणी नाही, पंखा वाजतो.

अक्का पोट धरून हसल्या. "असं उभं करून विचारल्यावर कोण सांगेल हो? आधी हातांना काम द्या." पुढच्या आठवड्यात त्यांनी दुर्गदबैलाच्या बाजारातून पोतंभर शेंगा आणवल्या. सगळ्यांनी गोल बसायचं आणि शेंगा फोडायच्या. मान वर करायची नाही. ऐकलेलं गोलाबाहेर न्यायचं नाही. आणि मोठ्यांनी सल्ला द्यायचा नाही. गणिताच्या सरांना हे जमेना. एक मुलगा काहीतरी सांगत होता, तेवढ्यात सर "त्यासाठी पहाटे उठून..." असं सुरू झाले. अक्कांनी मूठभर दाणे त्यांच्या हातावर ठेवले. "सर, खावा. तोंड भरलेलं असू दे." सल्ल्यासाठी काढलेल्या तासात सल्ल्यालाच बंदी असलेली शाळा बहुधा आमची एकटीच. पण मुलं बोलू लागली. कुणाचा बेंगळूरला गेलेला अण्णा फोन करत नव्हता, कुणाला जिन्याखालच्या अंधाराची भीती वाटायची. अक्का नुसतं "हं" म्हणायच्या. पोरं हलकी होऊन जायची.

मी अक्कांच्याच गोलात बसायचो. एकदा आठवीतली एक मुलगी शेंग फोडता फोडता म्हणाली, "आमच्याकडं आई-पप्पा एकमेकांशी बोलत नाहीत. मला सांगतात, मग मी त्यांना सांगते. मी सुट्टीत आजीकडं गेले तर त्यांचं कसं होणार?" अक्का "हं" म्हणाल्या आणि आपल्या वाटच्या शेंगा तिच्यापुढं सरकवल्या.

तिचे वडील आमच्या संस्थेचे सभासद होते. कोप्पीकर रोडला कापडाचं मोठं दुकान. मी वाटेत नेहमी त्यांच्या गादीवर चहाला टेकायचो, तसा दुसऱ्या दिवशीही टेकलो. आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "शेठ, लेकीला मध्ये घालू नका हो." त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं?" तिथं मी घाबरलो. म्हणालो, "शाळेत बोलणं चाललं होतं, कानावर आलं."

शेठनी लगेच संस्थेची बैठक बोलवायला लावली. त्यांच्या लेखी मी हितचिंतक, त्यामुळं माझं नाव त्यांनी घेतलं नाही. "आमच्या घरची अब्रू शाळाभर झाली," एवढंच ते म्हणत राहिले. अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीत मी होतो. अक्का उठल्या. "कुठलं तरी लेकरू बोललं असेल. लेकरांना धरू नका. तास माझा, चूक माझी. माझ्याच तोंडून गेलं म्हणून लिहा." मी समोरच्या पाण्याच्या ग्लासकडं बघत होतो.

तास बंद झाला. त्याचं अक्कांना फार वाटलं नसावं. पण मुलांपर्यंत गेलं ते एवढंच, की अक्कांनीच बाहेर सांगितलं. ती मुलगी त्यांना बघून जिना बदलायची. बाकीची मुलं शिवणाच्या वर्गात खाली मान घालून बसायची, आणि आता कुणीच काही बोलायचं नाही. अक्का मशीनला रागावायच्याही थांबल्या. वर्ष संपल्यावर त्या धारवाडला भावाकडं राहायला गेल्या.

मी निवृत्त झाल्यावर एकदा ठरवून धारवाडला गेलो. वाक्य बसमध्ये पाठ केलं होतं. अक्कांनी दारातच माझे खांदे बघितले आणि म्हणाल्या, "सर, किती वाळलायसा हो!" पोहे झाले, चहा झाला. मग त्यांनीच विषय काढला. "एक सांगू? कुठलं लेकरू बोललं ते मला अजून ठाऊक नाही. बरंच झालं. ठाऊक असतं तर त्याच्याबद्दल मनात कायमची अढी बसली असती. इर्ली बिडी, जाऊ दे." आणि त्या इतक्या निवांत हसल्या की माझं पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं. मी मान हलवली, चप्पल घातली आणि पुढच्या खेपेला सांगू म्हणून निघालो. पुढची खेप झाली नाही. थंडीत त्यांच्या भावाचा फोन आला, तेव्हा सगळं उरकलं होतं.

ती मुलं आता मोठी झाली आहेत, आणि त्यांतलं कुणी ना कुणी हे वाचेल. त्यांच्यासमोरच सांगतो. अक्का, ते लेकरू नव्हतं आणि तुम्हीही नव्हता. मी होतो. मला माफ करा.