सवतीचा टाक

लग्नात मला मंगळसूत्राबरोबर सवतही मिळाली. ती वारून काही वर्षं झाली होती. नखाएवढ्या चांदीच्या पत्र्यावर उमटवलेली बाई, काळ्या दोऱ्यात ओवून, यांच्या थोरल्या बहिणीने माझ्या गळ्यात बांधली. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक बाळगायचा, अशी आमच्याकडची रीत.

"नवी साडी आधी तिच्यापुढे ठेवायची, हळदकुंकू लावायचं, मग आपण नेसायची," अक्का म्हणाल्या. "नाहीतर ती रुसते."

मी शाळेत इतिहास शिकवत असे, रुसण्याफुगण्यावर माझा विश्वास नव्हता. दोरा टोचतो म्हणून थोड्याच दिवसांत टाक देवघरात ठेवला. साड्या मात्र दाखवत राहिले. "ताई, हा रंग बरा दिसेल ना?" पहिल्यांदा थट्टेने विचारलं. पुढे पिंप्राळ्याच्या त्या घरात माझं सगळ्यात लांबलचक बोलणं तिच्याशीच होऊ लागलं. हे मुळात अबोल, त्यात टीव्ही आला. तिचे दोन्ही मुलगे मला मावशी म्हणत आणि सणाला येत.

एक्क्याण्णव साली हे गेले. तेराव्याला मुलांनी रस्ता अडवून मंडप घातला, लाउडस्पीकर लावला. बांधकाम खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला एका वक्त्याने वटवृक्ष म्हटलं, दुसऱ्याने दीपस्तंभ. हार घातलेल्या मोठ्या फोटोत यांच्या शेजारी पहिली होती. मला कोणी खुर्ची दिली नाही, कारण मी चहा बघत होते. माझ्या कपाळाचं काय करायचं ते बायकांनी परस्पर ठरवलं. कुंकवाचा करंडा तेवढा मी देवघरात सरकवला. घरात कुंकू लावण्याजोगी आता तीच एक उरली होती.

मंडप सुटला आणि धरणगावहून आलेले यांचे चुलतभाऊ, आबा, फेटा सारखा करून मधोमध बसले.

"मावशी, घर विकायचं म्हणतोय," थोरला म्हणाला.

"आणि मी कुठे जायचं?"

"धुळ्याला तुमचं माहेर आहे की."

"माहेरी आता भाच्यांची लग्नं झाली. माझी उशीसुद्धा तिथे नाही."

"शाळेची पेन्शन मिळेलच ना पुढे," धाकटा म्हणाला.

"पेन्शनमध्ये झोपता येत नाही. मागच्या दोन खोल्या मला राहू द्या. कायद्याने माझा वाटा तुमच्याइतकाच आहे."

कायदा शब्द निघताच सगळे एकदम दुखावले. मग थोरला म्हणाला, "राहा. पण आईची वस्तू आमची. तो टाक आम्हाला द्या."

"पूजा कोण करणार?"

थोरल्या सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. "आमच्या कपाटाला लॉकर आहे," ती म्हणाली.

मी आबांकडे वळले.

"बाई, हाऊ टाक त्यासनी मायना शे," आबा म्हणाले. "तुमना काय? दी द्या."

खरंच, टाक त्यांच्या आईचा, त्यात माझं काय? माझ्याकडे तिचं एकही पत्र नव्हतं, आवाज मी ऐकलेला नव्हता. मुलांना ती आठवत होती, मला नुसती सवय होती. आणि खोल्या हव्या होत्या. मी टाक पुसून थोरल्याच्या हातावर ठेवला. त्याने तो खिशात टाकला, मग काय वाटलं कोण जाणे, बाहेर काढून रुमालात गुंडाळला. त्याचे डोळे भरले होते. त्याच्यावर रागावणं त्यानंतर मला नीट जमलं नाही.

"बठ्ठं गोडीमा मिटनं," म्हणत, सगळं गोडीने मिटल्याच्या समाधानात आबांनी आणखी एक कप चहा घेतला.

पुढचं घर विकलं गेलं. मधलं दार विटांनी बुजवलं. पलीकडच्या नव्या बिऱ्हाडाचा कुकर मला ऐकू येतो, माझा त्यांना येत असावा.

दिवाळीला फुले मार्केटमधून एक साडी आणली, राखाडी, बारीक काठाची. सकाळी आंघोळ करून देवघरापुढे बसले, घडी उलगडली, करंडा उघडला. टाकाच्या जागी पाटावर कुंकवाचा जुना डाग होता. साडी तिथे थोडा वेळ ठेवली. रंग बरा होता, असं मला वाटलं. पण माझ्या एकटीच्या मताने मी लग्नानंतर एकही साडी नेसले नव्हते.

घडी पुन्हा घातली. ती साडी अजून पेटीत आहे.